मनू, तुझी वही माझ्याकडे आहे

मनू, तुझी आई मी हौदात बुडवली.

हे असं एकदम लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, ही म्हातारी खुनीच निघाली. तुझी खरी आई, चिऱ्याच्या खाणीवर डोकीवरून दगड वाहणारी जानकीकाकी, त्याआधी सात महिने तापानं गेली होती. मी बुडवली ती तू मातीची केलेली. पण जानकीकाकीचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. तिचं तोंड दाखवणारी ती दीड वीत माती तेवढी उरली होती, असं सगळे समजत होते. तेव्हा मी काही थोडकं बुडवलं असं म्हणता येणार नाही.

तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले. साठ वर्षं तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती न सांगता मी तुला जाऊ दिलं. आता लिहिते. तू उलट काही बोलणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा हात धजावतोय. भित्री मी पहिल्यापासूनची.

आपल्याकडे मूर्ती करतात त्या पडवीला 'गणपतीची शाळा' म्हणतात याचं माझ्या सुनांना अजून हसू येतं. नात म्हणते, "मग आजी, तू दोन शाळा शिकलीस." दोन शिकले खरी. पण एकीचा नियम दुसरीत नेऊन वापरला, आणि तिथंच सगळं नासलं.

पहिली शाळा माझ्या आबांची. श्रावणाआधी घराघरांतून पाट यायचे, मागच्या बाजूला खडूनं आडनाव लिहिलेले. ज्याचा पाट त्याची मूर्ती त्यावरच बसायची. तुझं घर आमच्या दगडी गडग्यापलीकडे. माती मळायला म्हणून तू यायचीस, आणि आठव्या वर्षी आबांच्या हाताखाली उंदीर करायला लागलीस. मी पडले घरची मुलगी, तेव्हा माझ्याकडे देखरेख. म्हणजे मी केळं खात तुला चुका सांगायची.

"ह्याची शेपटी वाकडी झालीय."

"उंदराक विचारलंस काय, सरळ होयी म्हणान?" तू मान वर न करता म्हणायचीस.

आबांचा एक नियम होता. मूर्तीला तडा गेला तर ती ज्याची त्याला दाखवायची नाही. पहाटे कुणी उठायच्या आत पाण्यात सोडायची, पाट धुवायचा, दुसरी बसवायची. आबा म्हणायचे, "माणसाक एकदा तडो दिसलो की तेच्या मनातसून तो जाणा नाय." ती लपवाछपवी नव्हती, माया होती त्यांच्या मनातली. मी तो नियम माया म्हणूनच शिकले.

मुंबईच्या कलाशाळेत जायचं ठरलं ते तुझं. 'आम्ही दोघी गेलो' असं मी लोकांना सांगत आले, पण खरं म्हणजे तू गेलीस आणि मी तुझ्यामागून गेले. आबा तुमच्या अंगणात येऊन बसले होते, मी गडग्यावरून ऐकत होते.

"जानके, पोरीचा हात आसा. चिरे वाहूक दुसरा कोणय मिळात."

"मुंबैक एकट्या चेडवाक धाडू, आबानू?"

"एकटा कित्याक? आमचा इमल आसा मां. तेका घरात तरी काय काम आसा?"

अशी ही इमल, म्हणजे मी, कलाक्षेत्रात उतरले. घरात काम नव्हतं म्हणून.

एकोणीसशे साठच्या जरा अलीकडची गोष्ट. बोटीनं मुंबईला गेलो. मी रत्नागिरीपर्यंत ओकत होते, तू कठड्याला टेकून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. माझ्या काकांच्या गिरगावातल्या खोलीत दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवल्या. शाळेत सरांनी विचारलं, काय येतं तुम्हाला? मी माझी चित्रं मांडली: माड, मावळता सूर्य, शिडाचं गलबत. पुन्हा माड. सर म्हणाले, "छान. सूर्य रोज मावळतो वाटतं तुमच्याकडे." तुझ्याकडे चित्रच नव्हतं. तू म्हणालीस, "मातीला तडा जाऊ नये म्हणून काय करतात ते मला येतं." आणि काथ्या पिंजून मातीत कसा घालायचा, सावलीत किती दिवस ठेवायचं, फडकं कधी ओलं करायचं, ते सगळं तू त्यांच्या टेबलावर करून दाखवलंस. सरांनी टेबलावरचे कागद तुझ्यासाठी बाजूला सरकवले होते. माझी चित्रं त्यांतच होती.

आता कळलं ना मी केवढी शहाणी ती? ज्या मुलीनं तडा कसा टाळायचा हे सांगून प्रवेश मिळवला, तिच्याच मूर्तीला तडा गेला असं मला पुढे वाटायचं होतं.

ती शाळाही न्यारी होती. इथल्या भिंती छपरासाठी आहेत, विषयांसाठी नाहीत, असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले. मातीकाम करा, कंटाळा आला तर मागावर बसा, तिथून अक्षरं काढायला जा, नाटकाचे पडदे रंगवा. कुणी अडवणार नाही. फक्त एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत घेऊन जा, एवढीच अट. तू मागावर काथ्याचं जाड कापड विणलंस आणि ते ओल्या मातीवर दाबून खाणीतल्या दगडाचा पोत काढलास. सगळी शाळा बघायला आली. मीही एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेलं: मातीकामातला चिखल विणकामाच्या धाग्यांत. पहिल्या वर्षी मी सात वर्गांत बसले आणि माझी एकही वस्तू पुरी झाली नाही. मी याला सर्वांगीण शिक्षण म्हणायची. तुझा शब्द होता 'उंडगेपणा'.

मे महिन्यात मी काळा चष्मा आणि बिनबाह्यांचं पोलकं घालून मालवणच्या धक्क्यावर उतरले. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तुला विचारलं, "मनू, मुंबैत कापाड महाग झाला काय गो?"

दुसऱ्या वर्षी श्रावणात तार आली. पावसाळ्यात बोटी बंद. तू कोल्हापूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढे यष्टीनं गेलीस, तळेऱ्याला एक पूर्ण दिवस अडकलीस, आणि पोचलीस तेव्हा जानकीकाकीला नेऊन दोन दिवस झाले होते. पंधरा दिवसांनी परत आलीस ती बोलणं कमी करून. एक दिवस जेवताना म्हणालीस, "इमल, माका तिचा त्वांड आताच नीट आठवता. अजून थोड्या दिवसांनी काय होईत ता सांगूक येणा नाय." आणि दिवाळीनंतर तू माती घेतलीस.

मला तेव्हा फारसं कळलं नाही, पण तुझ्यात एक बदल झाला होता. आबांच्या शाळेतली प्रत्येक मूर्ती पाण्यात जायची, तेच तुला ठाऊक होतं आणि मान्यही होतं. मुंबईत तू पहिल्यांदा भट्टी पाहिलीस. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही हे कळल्यावर आधी तू घाबरलीस. मग एकदा म्हणालीस, आईला मी भाजणार. जन्मात पहिल्यांदा, आपण केलेली एक वस्तू उरावी असं तुला वाटत होतं. परीक्षक बघून गेले की दुसऱ्या दिवशी ती भट्टीत जायची होती.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी सातलाच शाळेत गेले. माझी सात अर्धवट कामं मला पुरी करायची होती, अकराच्या आत. त्याआधी सहज तुझ्या आईवरचं फडकं उचललं. ती बसलेली होती, हात मांडीवर, नजर समोर. आणि डाव्या कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत एक खोल भेग.

मूर्तीच्या मानेला तडा, याहून वाईट काही असतं का? मी आबांची मुलगी. विचार करायला मला काही लागलं नाही. उचलली आणि मातीच्या हौदात सोडली. सुकी माती ती, बुडबुडे आले, खांदे आधी गेले. मी फळी स्वच्छ धुतली, पुसली, जागेवर ठेवली. नंतर फाटकाशी येऊन तुझी वाट बघत उभी राहिले. अगदी मोठं काम केल्यासारखी.

"मने, घाबरू नको. तुझ्या आईला तडा गेला होता. तू बघायच्या आत मी सोडली पाण्यात. फळीसुद्धा धुतली."

तू विचारलंस, "खंयच्या बाजूक होतो?"

"डाव्या."

"खोल?"

"चांगलाच खोल."

"बरां," तू म्हणालीस. पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि आत गेलीस.

अकराला सर रिकाम्या फळीपुढे थांबले. तू सांगितलंस, "तडा गेला, सर. मीच मोडली." सर चिडले. "तडा गेला तर तडा गेलेली ठेवायची. तुकडे झाले तर तुकडे ठेवायचे. इथं तुझ्याकडे गणपती मागितला होता का कुणी?" मी शेजारीच उभी होते. तुझी आई मी बुडवली हे तू का सांगत नाहीस, याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, बरंच झालं.

इथवरचं सगळं मूर्खपणात जमा करता येईल. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढा मूर्खपणा माफ असावा. पुढचं मूर्खपणात बसत नाही, आणि तुला सांगायचं राहिलं ते हेच.

चार दिवसांनी मी खोडरबर शोधत तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली. पानापानावर जानकीकाकी. समोरून, बाजूनं, मागून. तोंड तर इतकं हुबेहूब की मला तिचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. आणि प्रत्येक चित्रात डाव्या कानामागून ती भेग. एका पानाखाली तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओझ्याची खूण. सुरीने. खोल.'

तू बादली घेऊन वर येत होतीस, पायऱ्यांवर पाणी सांडल्याचा आवाज आला. मी वही माझ्या ट्रंकेत पातळांच्या खाली सारली. एवढंच मी केलं. विचार करायला तेव्हाही मला काही लागलं नाही.

त्या परीक्षेवर ठरणाऱ्या तुझ्या फीमाफीचा निकाल आठवड्यानं लागायचा होता. सरांची खोली एक जिना वर. वही घेऊन जायचं आणि म्हणायचं, मूर्ती मी बुडवली, ती अशी होती. बास. ही वही बघून सरांनी तुला सोडलं नसतं. मी दोनदा अर्धा जिना चढले. मला शाळेतून काढतील ही भीती होती, पण ती लहान होती. खरं सांगू? तुझी शेपटी धरून आत आलेली मी बाहेर जाणार आणि तू आत राहणार, हे मला सोसलं नसतं. अर्ध्या जिन्यावर उभी राहून मला हे लख्ख कळलं होतं, आणि तरी मी खाली आले.

फीमाफी गेली. तू ट्रंक भरलीस.

"इमल, माझी निळी वही बघलंस काय गो?"

"नाही गो. कपड्यांत असेल बघ."

तू सगळे कपडे पुन्हा काढलेस. एकेक झटकून पाहिलास. मीसुद्धा शोधू लागले, काय सांगू तुला. कॉटखाली वाकून बघितलं मी. भाऊच्या धक्क्यावर बोट सुटताना तू ओरडून म्हणालीस, "गावली तर धाडून दी." मी हात हलवला.

मी तिथं आणखी तीन वर्षं काढली, आणि पुढे चाळीस वर्षं एका हायस्कुलात मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. तू आबांच्या शाळेत बसलीस. लग्न झालं तेही दोन घरं सोडून, म्हणजे शाळा सुटली नाही. आबांनी तुझ्या हातात डोळे आखायचा कुंचला दिला तेव्हा वाडीत कुजबुज झाली, बाईमाणूस डोळे आखणार म्हणून. आबा म्हणाले, "गणपतीक विचारा. तेका चलता." त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा हात थरथरायला लागला. तू त्यांच्या मुठीवर आपली मूठ धरून डोळे आखायचीस आणि पाट न्यायला येणाऱ्यांना सांगायचीस, "आबानूंनीच आखल्यानी." मी त्यांची मुलगी, मुंबईत बसून पत्रं लिहीत होते. तू त्यांना न्हाऊमाखू घालत होतीस. हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. आता म्हणते: माझा बाप तू सांभाळलास, मनू, आणि मी तुझी आई ट्रंकेत ठेवली.

दर चतुर्थीला मी यायची आणि आपलं तेच भांडण सुरू व्हायचं. तुझ्यासारखा हात, आणि एकही काम उरलं नाही म्हणून मी तुला बोलायची.

"पाट परत येता मां दर वर्षी? माका तेवढा पुरा," तू म्हणायचीस.

"पाट म्हणजे कला नव्हे."

"मगे तुझी कला खंय आसा ती दाखव. आणलंस पिशवीतसून?"

पिशवीत वही असायची. खोटं नाही सांगत. दर वर्षी मी ती घेऊन निघायची, आता देते म्हणायची, आणि तुझ्या पडवीतल्या खुंटीवर पाच दिवस टांगून परत मुंबईला न्यायची. आधी बोट, मग यष्टी, मग कोकण रेल्वे. तीन घरं बदलली, दर वेळी ती वही मी स्वतः हातात धरून नेली. देताना सांगावं लागणार होतं ना, कुठं सापडली. उशीर जितका वाढत गेला तितकं सांगणं जड होत गेलं.

एकदा तर तू स्वतःच मला बोलायला वाट करून दिलीस. आपण दोघी साठीच्या पुढच्या. तू उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत होतीस, मी नेहमीप्रमाणे चुका सांगत होते. तू एकदम विचारलंस, "इमल, तुका माझी आवस आठवता? तिचा त्वांड?"

मला आठवत होतं. त्या आधीच्या महिन्यातच मी पाहिलं होतं. पातळ भुवया, हनुवटीवरचा तीळ, सगळं. पिशवी तुझ्या डोक्यावर खुंटीला होती, हात वर केला असतास तर लागली असती.

"नाही गो," मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी काय आठवणार."

"माकाय आता येणा नाय," तू म्हणालीस, आणि पुढचा मोदक घेतलास.

मनू, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. नवऱ्याला, हेडमास्तरांना, डॉक्टरला तर रोज मारते. त्या सगळ्या मला हसत हसत सांगता येतात. ही नाही येत.

या चतुर्थीला मी देणारच होते. हे तुला खरं वाटणार नाही, मलाही वाटत नाही, पण मी तुला लिहायच्या चार ओळीसुद्धा कागदावर उतरवून ठेवल्या होत्या, पाठ करायला. दोन महिने आधीच तुझ्या लेकीचा, नंदाचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात फक्त सारवलेली ओली जागा होती. जानकीकाकीच्या वेळी तूही अशीच पोचली होतीस.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी नंदाला शाळेत गाठलं. तुझी मुलगी आता तुझ्या जागेवर बसते, पाट यायला लागले होते, कोपरापर्यंत तिचे हात मातीत. मी बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. हौद, जिना, ट्रंक, खुंटी, मोदक. काही गाळलं नाही. मग वही पुढे केली. तिनं हात धुतले, पदराला पुसले, एकेक पान उलटून पाहिलं. आजीला ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मी वाट बघत होते. तिनं रागवावं किंवा जवळ घ्यावं, काहीही चाललं असतं. तिनं दोन्ही केलं नाही. वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाली:

"मावशे, दर वर्षी गौरीचा त्वांड करून झाला की आवस माका हाक मारी. 'नंदा, बघ गो, माझ्या आवशीसारखा दिसता काय?' मी तिका खंय बघलेला? तरी मी आपला दर वर्षी म्हटलंय, 'होय गो, तसाच दिसता.' तेवढ्यान तिका बरा वाटायचा. आता बघलंय. नाय दिसणा, मावशे. एकाय वर्षी दिसूक नाय."